चांदबीबी : तवारीखेतली आणि कादंबरीतली

राजे-बादशहांच्या कादंबऱ्या आम्ही आवडीने वाचतो. शिक्षकांच्या खोलीत हे सांगितले की दोन प्रकारचे सहकारी हसतात. इतिहास शिकवणारे म्हणतात, त्यात खोटे फार असते. भाषा शिकवणारे म्हणतात, त्यात तलवारी फार असतात. दोघांचेही खरे आहे. तरी वह्या तपासून झाल्या आणि घर झोपले की हात त्याच पुस्तकाकडे जातो. दरबार भरलेला असतो, कासीद धापा टाकत आलेला असतो, पडद्याआड कोणीतरी ऐकत असते आणि पुढे काय होणार हे ठाऊक असूनही पान उलटल्याशिवाय राहवत नाही.

उर्दू माध्यमात शिकून महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाचे या बाबतीत नशीब चांगले. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. हा पाहुणा दोन्हीकडे जेवून येतो. एका घरी अब्दुल हलीम शरर, नसीम हिजाझी, काझी अब्दुस्सत्तार. दुसऱ्या घरी हरी नारायण आपटे, रणजित देसाई, ना. सं. इनामदार. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी 'स्वामी' आणि हिजाझींच्या कादंबऱ्या एकाच उन्हाळ्याच्या सुटीत वाचल्या असतील, आणि दोन्हीकडे सारखेच रडले असतील.

उर्दूत ही वाट कशी पडली, याची कथा मजेदार आहे. सर वॉल्टर स्कॉटची 'टॅलिस्मन' ही सलाहुद्दीन अय्यूबी आणि रिचर्ड यांच्या काळावरची कादंबरी १८२५ सालची. ती शररांच्या वाचनात आली आणि त्यातले मुसलमानांचे चित्र त्यांना खटकले. त्यांनी निषेधाचे पत्रक काढले नाही. कादंबरीला कादंबरीनेच उत्तर द्यायचे ठरवले आणि लखनौहून निघणाऱ्या आपल्या 'दिलगुदाज' मासिकातून १८८८ साली 'मलिकुल अझीझ वर्जिना' छापायला घेतली. उर्दू ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात सहसा इथून धरतात. म्हणजे जन्मच मुळी जबाब म्हणून झाला. मराठीत हरिभाऊंनी आरंभ केला तो 'म्हैसूरचा वाघ'ने. ती मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने टिपू सुलतानावर लिहिलेल्या कादंबरीच्या आधाराने लिहिलेली. पुढे 'उषःकाल' आली आणि मराठी वाचकाला आपले घर सापडले. दोन्ही भाषांत राजा गेलेला होता, राज्य इंग्रजांचे होते, आणि गेलेल्या राजाच्या गोष्टीत लोक आपली मान ताठ करून घेत होते.

यातूनच वाचकाची एक अडचण तयार झाली. एका घरच्या कादंबरीत जो नायक तोच दुसऱ्या घरी खलनायक. मराठी कादंबरीत सुलतानाची फौज आली की वाचणाऱ्या मुसलमान पोराने अंग चोरून बसायचे, आणि उर्दू कादंबरीत तीच फौज आली की छाती फुगवायची. वास्तविक त्या पोराचे आजे-पणजे कोणत्याच फौजेत सरदार नव्हते. ते विणकर होते, पिंजारी होते, बागवान होते, अत्तार होते, आणि कोणाचीही फौज आली तरी लुटले जाणारे तेच होते. इनामदारांनी १९७० साली 'शहेनशहा'त औरंगजेबाला माणूस म्हणून उभे करायचा प्रयत्न केला तेव्हा आमच्यासारख्या वाचकांना बरे वाटले, ते तो 'आपला' म्हणून नव्हे. म्हातारपणी एकटा पडलेला बाप मराठीत वाचायला मिळाला, म्हणून.

या 'आपला-त्यांचा'च्या हिशेबाला जिचा इतिहास कुठेच बसत नाही, अशी एक राणी आपल्याच मुलखात होऊन गेली. तिच्यावरची गोष्ट वाचताना कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या हे धर्मावरून ठरवताच येत नाही. ती म्हणजे अहमदनगरची चांदबीबी. शहराचे सरकारी नाव आता अहिल्यानगर झाले आहे. चांदबीबीच्या वेळचे नाव अहमदनगर, म्हणून इथे तेच लिहितो.

आधी तिचे घराणे पाहू. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद हा तिचा पणजोबा. त्याचा बाप मलिक हसन हा मुळात पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, युद्धात पकडला जाऊन बहामनी दरबारात वाढलेला, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. पाथरी म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातली. चांदबीबीचे वडील हुसेन निजामशहा आणि आई खुंजा हुमायून. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची एकजूट व्हायची होती, तिच्यासाठी सोयरिकी झाल्या. त्यात चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. या किल्ल्यासाठी दोन्ही घराणी वर्षानुवर्षे भांडत आली होती. सोलापूरकर वाचकाने हे ध्यानात ठेवावे की त्याचे शहर एकदा लग्नाच्या याद्यांत होते.

आई खुंजा हुमायून हिच्याबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. १५६५ साली हुसेन निजामशहा वारला तेव्हा मुलगा मुर्तजा लहान, म्हणून काही वर्षे राज्य तिने चालवले. मुलगा मोठा झाल्यावर त्याने आईलाच कैदेत टाकले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची सचित्र फारसी पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाची तारीफ तीत केली आहे, आणि चित्रांत बादशहाशेजारी बेगमही काढलेली होती. 'होती' म्हणायचे, कारण बहुतेक चित्रांत तिची आकृती नंतर पुसून टाकली आहे. बादशहा बसला आहे, नोकरचाकर उभे आहेत, आणि शेजारी नुसता एक डाग. ऐतिहासिक कादंबरी आम्हाला का आवडते याचे कारण कोणी विचारले तर तो डाग दाखवावा. तवारीख लिहिणाऱ्याचा हात तिथे थांबतो, कादंबरीकाराचा तिथून चालू लागतो.

चांदबीबीच्या वाट्याला आईचेच आयुष्य आले, तेही दोन शहरांत. १५८० साली विजापुरात अली आदिलशहाचा खून झाला. पोटी मूल नव्हते. गादीवर पुतण्या इब्राहिम आला, वय नऊ-दहा वर्षांचे. त्याचा सांभाळ चांदबीबीकडे आणि कारभारावरून सरदारांत रस्सीखेच. किश्वरखान नावाच्या सरदाराने तर तिला पकडून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असते? पुढे किश्वरखानाचीच सद्दी संपली, ती सुटली, आणि काही वर्षांनी माहेरी नगरला परतली. तिने सांभाळलेला तो इब्राहिम म्हणजे 'किताब-ए-नवरस' लिहिणारा, सरस्वतीला वंदन करणारा, जगद्गुरू म्हणवला गेलेला इब्राहिम आदिलशहा दुसरा. दख्खनी भाषेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने त्या काकीचे आभार मानले पाहिजेत.

माहेरी परतली ती घर जळत असताना. भाऊ मुर्तजाला त्याच्याच मुलाने १५८८ साली मारले. मग गादीवर कोण बसले आणि कोण उतरले, याची यादी देऊन वाचकाला दमवत नाही. १५९५ साली एका वर्षात दोन निजामशहा गेले. त्यानंतर मियां मंजू नावाच्या वजिराने अहमद नावाचा एक मुलगा राजवंशातला म्हणून गादीवर बसवला. हबशी सरदारांना तो मान्य नव्हता. घेरला गेल्यावर मियां मंजूने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीला बोलावले. मुराद यायच्या आत त्याला आपली चूक उमगली. पण मोगल फौज निघाली होती. मियां मंजू शहर सोडून गेला. किल्ला चांदबीबीने हातात घेतला आणि बहादूर या लहान बाळाच्या नावाने राज्य पुकारले.

डिसेंबर १५९५मध्ये मोगल नगरला पोचले. आता पाहा. बाहेर अकबराचा मुलगा मुराद, अब्दुर्रहीम खानखानान आणि त्यांच्याबरोबर खानदेशचा राजा अली खान फारुकी. आत दख्खनी, हबशी आणि एक पन्नाशीकडे झुकलेली विधवा. तिच्या मदतीला विजापूरचा सुहेलखान हबशी निघालेला. ज्या निजामशाहीसाठी हे चालले होते तिच्याच चाकरीत वेरूळचे मालोजी भोसले होते. मालोजींनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. अशा लढाईत 'आपले' कोण आणि 'परके' कोण? शाळेच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर मुले आधी गोंधळतात आणि मग खरा इतिहास ऐकायला तयार होतात.

शहरच्या लोकांना मोगलांनी आधी अभय दिले होते. तरी शाहबाजखानाच्या शिपायांनी नगरच्या पेठा लुटल्याच. लूट झालेल्यांत मुसलमान होते, लुटणाऱ्यांतही मुसलमान होते. कादंबऱ्यांतून हा प्रसंग सहसा गळतो, कारण त्यात ना राणी आहे ना शहजादा. आमची माणसे असलीच तर त्या पेठांत होती.

वेढ्याची मुख्य हकिकत फिरिश्ताने दिली आहे. तो पूर्वी नगरच्या चाकरीत होता, १५८९मध्ये विजापूरला गेला, आणि चांदबीबीच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्याने तवारीख लिहिली. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या ख्वाजा मुहंमदखान शिराझी याला किल्ल्यातल्या लोकांची कीव आली आणि रात्री त्याने ही खबर आत पोचवली. चांदबीबीने उलटे खोदकाम करवून दोन सुरुंगांतली दारू काढून घेतली. तिसऱ्याचा शोध चालू असतानाच तो उडाला. पन्नासेक गज तट कोसळला आणि लढवय्ये म्हणवणारे कित्येक जण पळू लागले. तेव्हा ती चिलखत घालून, चेहऱ्यावर नकाब, हातात नंगी तलवार घेऊन खिंडारावर आली. पळणारे परतले. अंधार पडेपर्यंत मोगलांनी हल्ल्यावर हल्ले केले आणि प्रत्येक वेळी मागे फिरले. रात्रभर उभी राहून तिने खिंडार बुजवून घेतले. सकाळी मुरादला समोर पुन्हा भिंत दिसली.

त्यानंतर तह झाला, फेब्रुवारी १५९६मध्ये. मोगलांना वऱ्हाड द्यावा लागला. निजामशाहीने वऱ्हाड घेतला होता १५७४मध्ये, म्हणजे अवघ्या बावीस वर्षांची मिळकत. ती देऊन नगर वाचवले. हा व्यवहार कादंबरीकारांना फारसा रंगवता येत नाही. पण खिंडारातल्या तलवारीइतकेच या सौद्यातही चांदबीबीचे डोके दिसते. मोगलांना दाणागोटा कमी पडत होता, सुहेलखान जवळ येत होता, आणि मुराद व खानखानान यांचे आपसात पटत नव्हते. तिने वेळ ओळखली.

आणि मग दंतकथा. तोफेचे गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची नाणी भरली, तांबे संपले तेव्हा चांदी, चांदी संपली तेव्हा सोने, आणि जवाहिर उडवायची वेळ आली तेव्हा कुठे ती तहाला तयार झाली, अशी कथा दख्खनमध्ये सांगत. एल्फिन्स्टनने १८४१च्या आपल्या इतिहासात ती नोंदवली आहे. घोड्यावर बसून हातावर ससाणा घेतलेल्या चांदबीबीची चित्रे प्रसिद्ध आहेत. ती चितारली तिच्यामागे शंभर-शंभर वर्षांनी, म्हणजे चितारणाऱ्यांपैकी कोणी तिला पाहिलेली नव्हती. नगरजवळच्या डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे, लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात आणि शाळांच्या सहली तिथे जातात. ती आहे मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर. बिचाऱ्या सलाबतखानाने कबर बांधली आणि लोकांनी राणीला देऊन टाकली. आम्हाला यात लोकांचा राग येत नाही. ज्या बाईला स्वतःची इमारत नाही तिला लोकांनी दुसऱ्याची का होईना, दिली. वर्गात मात्र खरे सांगून मग डोंगर चढावा. दंतकथा दंतकथा म्हणून ऐकण्यात मजा कमी होत नाही. इम्तियाज अली ताज यांनी १९२२मध्ये 'अनारकली' नाटक लिहिले आणि या कथेला इतिहासाचा आधार नाही हे प्रस्तावनेतच सांगून टाकले. त्याने नाटक पडले नाही. पुढे 'मुघल-ए-आझम' पाहायला लोकांनी रांगा लावल्या.

चांदबीबीवर पहिली मोठी इंग्रजी कादंबरी लिहिली तीही टेलरनेच, 'अ नोबल क्वीन'. ती त्याच्या मृत्यूनंतर १८७८ साली निघाली. टेलर निजामाच्या चाकरीत राहिलेला, नळदुर्गला कारभार पाहिलेला, दख्खनची वाट न् वाट तुडवलेला माणूस. त्याचे राणीवर प्रेम आहे, हे पानापानाला जाणवते. साहेबी चष्मा आहेच. दरबारी कारस्थाने म्हणजे पूर्वेकडच्या लोकांचा स्वभावच, असे त्याला वाटते. तरी १८५७च्या नंतर लिहिणाऱ्या इंग्रजाने एका दख्खनी मुसलमान विधवेला नायिका करावे, ही गोष्ट लहान नाही. नगरच्या किल्ल्यात १९४२ साली इंग्रजांनी ज्यांना डांबले त्यांनाही ती आठवली. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे याच किल्ल्यात लिहिली आणि तिथल्या भिंती पाहून त्यांना चांदबीबीची याद आली. पंडित नेहरूंनी 'भारताचा शोध' तिथेच लिहिला आणि त्यांनीही तिचे नाव घेतले. दोघे कैदी, दोघे वाचनवेडे.

आता ते पान, जे कादंबऱ्या लवकर उलटतात. १६०० सालचा उन्हाळा-पावसाळा. मुराद दारूपायी आदल्या वर्षी मेला होता. त्याच्या जागी धाकटा शहजादा दानियाल आणि बरोबर पुन्हा खानखानान. चार वर्षांत निजामशाहीचे सरदार आपसातल्या भांडणांनी खिळखिळे झाले होते. चांदबीबीने पुन्हा वेळ ओळखली. या वेळी वेळ वेगळी होती. किल्ला टिकणार नाही. आतल्यांच्या जिवाची आणि इज्जतीची हमी घेऊन तो सोडावा आणि छोट्या बहादूरला घेऊन जुन्नरला जावे, असे तिने हमीदखान या अधिकाऱ्याला सांगितले. फिरिश्ता लिहितो की हमीदखान बाहेर रस्त्यावर धावत सुटला आणि ओरडू लागला : चांदबीबी मोगलांना फितूर झाली, किल्ला विकायला निघाली. जमाव जमला. जमाव तिच्या महालात घुसला आणि त्याने तिला मारले.

खिंडारात उभी राहून जिने या लोकांना वाचवले, तिलाच चार वर्षांनी गद्दार ठरवायला एक आरोळी पुरली. तिने काय सुचवले होते हे कोणी नीट ऐकून घेतले नाही. आमच्या जमातीतली एखादी बाई, किंवा बाप्या सुद्धा, 'थांबा, जरा हिशेब करू' म्हणाली की लगेच 'ही त्यांना मिळाली' असे ज्या चपळाईने म्हटले जाते, ती चपळाई आम्हाला हमीदखानाच्या गोष्टीत ओळखीची वाटते. म्हणूनच आमच्या मते चांदबीबीच्या कादंबरीतले खरे प्रकरण हे आहे. त्या खोलीत ती काय म्हणाली असेल? दारावर धक्के बसत असताना बहादूर कुठे होता? तलवार जवळ होती की नव्हती? तवारीख एका वाक्यात संपते. इथे लिहिणाऱ्याला मोकळे रान आहे, आणि आमच्या वाचनात तरी या खोलीत शांतपणे थांबलेला लेखक अजून आलेला नाही. सगळ्यांना खिंडाराकडे जायची घाई.

पाठ्यपुस्तकात चांदबीबी येते ती जेमतेम काही ओळींपुरती. आम्ही वर्गात दोन्ही प्रसंग सांगतो, सुरुंगाचा आणि महालाचा. सुरुंगाच्या वेळी मुले बाकावर उभी राहायची बाकी असतात. महालाच्या वेळी वर्ग गप्प होतो. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, तिने विचारले, "आपा, मग तिचं ऐकलं असतं तर?"

तिचे ऐकले नाही, त्याचे काय झाले ते तेवढे सांगता येते. मोगलांनी तटाला पुन्हा सुरुंग लावले. या वेळी खिंडारावर उभे राहायला कोणी नव्हते. ऑगस्ट १६००मध्ये किल्ला पडला आणि आतल्या शिबंदीची कत्तल झाली. जिला जुन्नरला घेऊन जायचे होते त्या पोराला, बहादूर निजामशहाला, ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवले. इकडे परांड्याला मलिक अंबर नावाच्या एका हबश्याने निजामशाहीचा दुसरा वारस उभा केला आणि मोगलांशी नव्याने झुंज मांडली. ती पुढली पंचवीस वर्षे चालली.